उजवीकडून स्पष्ट दिसते

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

नवी डायरी. जानेवारी कोरा गेला, पण जानेवारीत कोणी गंभीरपणे लिहीत नाही. हे फक्त माझ्यासाठी आहे, तेव्हा लपवाछपवी नको.

आज ऑफिसात मोठी संधी आली. आमचं यंत्र बोटाला चिमटा लावून नाडी मोजतं आणि छोट्या काचेच्या पडद्यावर आकडा आणि रेघ दाखवतं. टेबलावर ठेवायचं, आडवं यंत्र. आता एका नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंना ते उभं हवंय, खाटेशेजारच्या स्टँडला लटकवायला. दोन खाटांच्या मध्ये टेबल मावत नाही. डबा उभा केला की पडदाही उभा होणार आणि त्यावरची अक्षरं झोपणार. मालक दयानंद यांनी विचारलं, हे फिरवणार कोण? मी म्हटलं, मी. किती दिवस लागतील? दोन. सॉफ्टवेअरच तर आहे.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. हयातभर टूलरूममध्ये फोरमन, आता हृदय मोठं झाल्यामुळे पलंगावर. माझी अर्धी राहिलेली कामं त्यांना पाठ आहेत. पाण्याच्या टाकीचा अलार्म, दारावरची म्युझिकल बेल, आणि कॉलेजात असताना उघडलेला रेडिओ. तो अजून त्यांच्या पलंगाखाली खोक्यात आहे. फेकू देत नाहीत. कारण विचारलं की हसतात.

म्हणाले, "सरी. झालं की दाखव." इतकी वर्षं कानडी मुलखात काढल्यावर ते 'बरं'ला सरीच म्हणतात.

दाखवणारच. या वेळी दाखवणारच.

६ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. काम झालं नाही, पण काम काय आहे ते कळलं, आणि तेच निम्मं काम असतं. अक्षरं पडद्याच्या स्वतःच्या पोटात बसवलेली आहेत. ती आडवीच उमटतात, फिरवायची सोयच नाही. म्हणजे प्रत्येक अक्षर आपण ठिपक्याठिपक्याने नव्याने काढायचं. ग्राफपेपर आणला. A झाला. सुरेख झाला.

७ फेब्रुवारी

B. दुपारी वीज नव्हती.

१२ फेब्रुवारी

सौम्या नावाची नवी इंजिनिअर मुलगी आहे. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत कागद वाचत बसते. आज पडद्याच्या कंपनीचं माहितीपत्रक घेऊन आली. म्हणाली, हा पडदा चारी बाजूंनी सारखा दिसत नाही सर, खालच्या बाजूने पाहायला बनवलाय. तुम्ही डबा असा उभा केलाय की ती खालची बाजू उजवीकडे गेलीय, तर फक्त उजवीकडून दिसेल आणि डावीकडून कोरा. नर्सिंग होमचा पेशंट स्टँडच्या डाव्या हाताला असतो. ती बाजू डावीकडे येईल असा उभा करा, अक्षरं डावीकडे कलंडवा, सगळं सुटेल.

माहितीपत्रकात पाहण्याची दिशा घड्याळाप्रमाणे लिहिली आहे, सहा वाजता. मी म्हटलं, सहाला ऑफिस सुटतं, कोण पाहणार? कोणी हसलं नाही.

मुद्दा असा की माझी M पर्यंतची अक्षरं उजवीकडे कलंडलेली आहेत. आता डावीकडे वळायचं तर पुन्हा A पासून. तत्त्व म्हणून मी केलेलं काम पुसत नाही.

२१ फेब्रुवारी

चिप पुसायची म्हणजे ती निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून वाट पाहायची, मग प्रोग्रॅम भरायचा, बसवायची, पाहायचं. आज K उलटा आला. पुन्हा पेटी. या वाट पाहण्यात चहा फार होतो. उद्यापासून चहा बंद.

२२ फेब्रुवारी

चहा सोमवारपासून बंद.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं!

पडदा उभा, अक्षरं उभी, रेघ डावीकडून उजवीकडे नागमोडी पळतेय. दयानंद माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. खांद्यावर हात ठेवला. माझं टेबल डाव्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे सगळे उजवीकडेच गोळा झाले. सौम्या मात्र भिंत आणि टेबल यांच्या फटीत शिरून म्हणाली की इथून काहीच दिसत नाही. अशा फटीत पेशंट झोपवणार आहेत का, असं मी विचारलं. बुटकी आहे ती, हाही एक भाग आहेच.

ऑफिसातून, म्हणजे इथल्या शिवाजीनगरहून, घरी येलहंकापर्यंत स्कूटरवर गाणं म्हणत आलो. शेवटचं कधी म्हटलं होतं आठवत नाही.

२ मार्च, रविवार

एक यंत्र ट्रायलसाठी घरी आणलं. अण्णांच्या पलंगाच्या उशाशी स्टँड उभा केला. स्टँडच्या डाव्या हाताला पलंग, उजव्या हाताला माझी खुर्ची आणि दार. पडद्याचं तोंड पायथ्याकडे, म्हणजे दारातून येणाऱ्याला आधी यंत्र दिसतं. भेटायला येणारे पाहतील तरी.

अण्णांच्या बोटाला चिमटा लावला. आकडा आला, रेघ आली. मी खुर्चीवरून म्हटलं, बघा.

अण्णांनी मान वळवून पाहिलं. पाहत राहिले. मग म्हणाले, "काही दिसत नाही रे."

मोतीबिंदू. या वयात असतोच.

म्हणाले, स्वल्प, जरा माझ्याकडे वळव बघू. मी समजावलं की वळवला तर दारातून दिसणार नाही. सरी म्हणाले. माझी बायको पद्मावती म्हणाली, एकदा त्यांच्या शेजारी बसून तुम्हीच का पाहत नाही? हिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. अण्णांच्या पलंगावर आमच्यापैकी कोणी कधी बसलेलं नाही. लहानपणी ताप आला तरी आम्ही खाली चटईवर. वडलांच्या अंथरुणावर टेकायचं नाही, ही आमच्या घरची पद्धत, आणि यंत्रासाठी मी ती मोडणार नाही.

८ मार्च

नर्सिंग होममध्ये यंत्रं लागली. नर्सेसची तक्रार: पडदे कोरे आहेत. गेलो. पडदे चालू होते, मला स्वच्छ दिसत होते. नर्स खाटेच्या बाजूने वाकून पाहते, ही मूळ चूक. ट्रेनिंग नाही. मी प्रत्येक यंत्राखाली बाण काढून चिकटवला, "इथून पाहा", इंग्रजीत आणि कानडीत. एका खाटेच्या बाबतीत बाण भिंतीत गेला. ती खाट सरकवा म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

१० मार्च

अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षात चढताना दम लागला, उतरताना लागला, जिन्यात दोनदा बसले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे पण अगदी कच्चा, अजून वर्षभर काही करायला नको. मी म्हटलं, निदान चष्मा तरी बदला. माझ्या आग्रहावरून बदलला.

परत येताना अण्णा म्हणाले, तुझं यंत्र चांगलंच असेल रे. माझंच काहीतरी.

मी म्हटलं, तसं काही नाही. पण बरं वाटलं.

१५ मार्च

नवा चष्मा आला. लावून दिला. यंत्र चालू केलं. खुर्चीवर बसलो.

दिसतंय?

अण्णा खूप वेळ पाहत होते. पडद्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मग म्हणाले, "दिसतंय."

किती?

"बहात्तर."

मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आणि नाक ओढत उभा. पद्मावतीला सांगितलं, धूळ.

१८ मार्च

रोज संध्याकाळी विचारतो. रोज बहात्तर. आज खुर्चीवरून पाहिलं तर अठ्ठ्याऐंशी होता. अण्णा म्हणाले बहात्तर. म्हणजे पडदा ताजा व्हायला वेळ लागतोय, त्यांनी पाहिला तेव्हा जुना आकडा असणार. सॉफ्टवेअरमध्ये पाहायला हवं. नाडी घसरली तर शिट्टी वाजावी असंही मनात आहे, ते पुढच्या व्हर्जनमध्ये.

पद्मावती म्हणाली की डॉक्टरांनी मागे अण्णांना सांगितलं होतं, चांगल्या माणसाची नाडी बहात्तर असते. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

२६ मार्च

दयानंद यांनी केबिनमध्ये बोलावलं. नर्सिंग होमने यंत्रं परत पाठवलीत. म्हणाले, मिस्टर संताजी, हे काम आता सौम्या करेल, तुम्ही मॅन्युअल लिहा. मॅन्युअल म्हणजे अनुभवी माणसाचं काम. एक प्रकारे बढतीच. सौम्याने सगळी अक्षरं डावीकडे कलंडवायला घेतली आहेत. एक छोटा प्रोग्रॅम लिहून तिने माझ्याच अक्षरांना उलटं फिरवलं, एका दुपारी. पाया माझाच.

घरी सांगितलं नाही. अण्णांना तर नाहीच. त्यांच्यापुरतं यंत्र चालतंय.

३१ मार्च

आकाशात धूमकेतू आलाय, सगळी गल्ली अंगणात. अण्णा म्हणाले, मलाही न्या. मी आणि पद्मावतीने खुर्चीत बसवून खुर्चीच बाहेर आणली. अण्णांनी वर पाहिलं आणि लगेच बोट दाखवलं. तो बघ, कौलाच्या वर, शेपूट उजवीकडे वर गेलंय, टोकाला फिकट होतंय. मला काही दिसेना. ढग असावा.

पद्मावती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, अण्णांना इतकं बारीक दिसतंय. मी म्हटलं, नवा चष्मा.

अण्णांनी चष्मा घातला नव्हता, असं ती म्हणते. मी नीट पाहिलं नाही.

५ एप्रिल

अण्णांचे पाय सुजलेत. डॉक्टर येऊन गेले. आज किती विचारल्यावर अण्णा म्हणाले बहात्तर, पण डोळे मिटलेलेच होते. त्यांनी आधी पाहून ठेवलं असणार.

८ एप्रिल, युगादी

गुढी उभारली. अण्णांना पलंगावरच बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंब आणि गूळ, दिलं. कडुलिंब चघळत म्हणाले, रेडिओचं खोकं जरा मागे सरकव, खाली सोडलेल्या पायाला लागतंय. त्यांना लागत नव्हतं, खोकं पार मागे होतं. मग म्हणाले, राहू दे. यंत्र झालं ना पुरं, रेडिओ राहिला तरी चालेल.

नव्या वर्षाचे संकल्प: मॅन्युअल संपवणे. रेडिओ दुरुस्त करणे.

१४ एप्रिल, सोमवार

अण्णा गेले. सकाळी. मी ऑफिसात होतो. पद्मावती त्यांच्यासाठी कॉफी आणायला आत गेली होती.

मी आलो तेव्हा चिमटा बोटालाच होता आणि यंत्र चालू होतं. खुर्चीच्या बाजूने पाहिलं. रेघ सपाट. ठिपकान् ठिपका दिसत होता. काँट्रास्ट उत्तम.

१७ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, कोणी काही करू शकलं नसतं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

२८ एप्रिल

बारावा, तेरावा, सगळं पार पडलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला दारातून यंत्र दिसत होतं. काहींनी विचारलंही. मी समजावून सांगितलं.

३० एप्रिल, बुधवार

यंत्र ऑफिसला परत द्यायचं आहे. सौम्याची नवी यंत्रं नर्सिंग होममध्ये लागली, तक्रार नाही, असं ऐकलं. चांगलं आहे.

अण्णांच्या खोलीत गेलो. गादी गुंडाळून ठेवलेली, पलंग मोकळा. स्टँडचा क्लॅम्प पलंगाच्या बाजूने सोडावा लागतो, आणि उभ्याने हात पोचेना. आता पलंग कुणाचा नव्हता. बसलो. मग, यंत्र देण्यापूर्वी एकदा तपासून द्यावं म्हणून बटण दाबलं, चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि फळ्यांवर आडवा झालो. डोकं त्यांच्या उशीच्या जागी.

मान वळवून पाहिलं.

काच. राखाडी काच. आकडा नाही, रेघ नाही. डोळे बारीक केले, मोठे केले, मान उचलली. काही नाही. पलंगाखालच्या खोक्याचा धुळकट वास येत होता. बोटात ठोके कळत होते, जोरात, पण पडद्यावर काहीच नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून काही दिसलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून पद्मावतीने विचारलं, "यंत्र चालू केलंत का? किती दाखवतंय?"

मी म्हटलं, "बहात्तर."