दोनशे चौदा नंबरची जागा

बेथेल ग्रोव्ह कॉलेज
शुक्रवार, ४ मार्च १९६०

ती. आईस,
ऑर्डेलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पीचच्या मुरांब्याची बरणी पोचली. अर्धी मी खाल्ली, अर्धी खोलीतल्या मुलींनी फस्त केली. बरणी परत मागशील हे ठाऊक आहे, म्हणून धुऊन ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. मंगळवारी आम्ही सोळा जणं गावातल्या मोठ्या दुकानात, काळ्यांना मज्जाव असलेल्या गोऱ्यांच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसलो. हो, 'बसलो'च लिहिलंय, चष्मा पुसू नकोस. दोन तास पुस्तकं उघडून बसलो होतो, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. लगेच वरून, गोऱ्या अधिकाऱ्यांकडून, आमच्या प्रिन्सिपॉलना दम आला की बसणाऱ्यांना काढा, नाहीतर कॉलेजला कुलूप लागेल. काल डीन मेबरींनी वेंडेल, इमोजीन आणि ऑटिस यांना बोलावून घरी पाठवलं. मागच्या पत्रात ज्यांच्या गमती लिहिल्या होत्या, तेच तिघं. दुकानात आमची नावं कुणी विचारली नव्हती. मग ती डीनकडे पोचली कशी?

माझा संशय क्लॉडीन मावशीवर आहे. तुझ्या सख्ख्या बहिणीबद्दल असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. ती डीनच्या ऑफिसात कारकून. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रार्थनासभेत ती वर गॅलरीत बसून रिकाम्या जागा टिपते. प्रत्येकाची जागा नंबराची, माझी दोनशे चौदा. रिकामा नंबर म्हणजे माणूस गैरहजर. परवा मला जिन्यात गाठून म्हणते, पुढच्या वेळी जे जाणार असतील त्यांचे नंबर मला दे. कशाला हवेत विचारलं तर म्हणाली, तुला काय करायचंय, तू फक्त नंबर दे. मी काय कालची पोर आहे?

तुझी माया अशीच राहो, आणि रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी,
ऑर्डेला


कोल्स फेरी
८ मार्च १९६०

चि. ऑर्डेलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. चौथीतल्या मुलांनी दोनदा विचारलं की बाईंना बरं नाही का. सोळा वर्षं मी या शाळेत शिकवते आहे, आणि माझीच मुलगी मला न विचारता कुठे जाऊन बसते ते मला पत्रातून कळतं.

क्लॉडीनबद्दल मी काय सांगू? लहानपणी ती खोटं बोलायची नाही. पण ऑफिसात बसणाऱ्या माणसाला साहेबांची मर्जी राखावी लागते. तू जपून राहा, एवढंच म्हणते.

तुझ्या संगतीत आणखी कोण कोण आहेत, ते मात्र सविस्तर लिही. आईला एवढं तरी कळायला हवं. रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना करते.

तुझं भलं चिंतणारी,
आई


बेथेल ग्रोव्ह
रविवार, १३ मार्च

ती. आईस, सा. नमस्कार.

तू रागावली नाहीस, याचंच मला नवल वाटतं. असो.

मी एक युक्ती केली आहे. लूशियस टार्व्हर नावाचा एक मुलगा आहे. बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, आणि ट्यूबा खाली ठेवला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो कधी बैठकीला आला नाही, काउंटरकडे फिरकला नाही. काल मी मावशीला मुद्दाम सांगितलं की लूशियस आमचा म्होरक्या आहे. तिच्याशिवाय हे मी कुणाजवळ बोललेले नाही. आता त्याला डीनचं बोलावणं आलं, की चोर सापडला. त्याचं काही बिघडणार नाही, त्या दिवशी तो बँडच्या तालमीत होता हे अख्ख्या बँडला माहीत आहे.

मावशी नुसती मान हलवून गेली. जाताना म्हणाली, तुझा स्वेटर उसवलाय, आणून दे. गोड बोलून माहिती काढायची ही तऱ्हा मी ओळखते.

तुझा हात असाच माझ्या डोक्यावर असू दे.
ऑर्डेला


बेथेल ग्रोव्ह
शुक्रवार, १८ मार्च

ती. आईस, नमस्कार.

काल लूशियसला बोलावलं. आई, शंकेला आता जागाच उरली नाही.

पण झालं ते भलतंच. डीननी विचारलं, तू होतास का? तालमीत होतो एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. त्याऐवजी तो म्हणाला की मी तिथे नव्हतो याची मला लाज वाटते. शब्द न फुटणारा मुलगा एवढं एकच वाक्य बोलला, तेवढ्यावर त्यालाही काढलं, आणि ट्यूबा बँडच्या खोलीत ठेवून तो गावी गेला. त्याची आई लोकांचे कपडे धुते. हे सगळं माझ्यामुळे झालं, हे मला कळतं.

मावशीला आम्ही वाळीत टाकलं आहे. जेवणघरात ती बसली की टेबल रिकामं होतं. मंगळवारी बत्तीस जणं जाणार आहोत, आणि तिला कुणी चकार शब्द सांगणार नाही.

आठवण ठेव.
ऑर्डेला


बेथेल ग्रोव्ह
शनिवार, २६ मार्च

ती. ताईस,
क्लॉडीनचा सा. न. वि. वि.

नेहमी मी ख्यालीखुशाली लिहिते. आज एक प्रश्न लिहिते आहे.

पहिल्या खेपेला सोळा जागा रिकाम्या होत्या. मी कार्डावर एकही टिपली नाही. तेव्हापासून वरून आलेला एक गोरा माणूस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि स्वतः मोजतो. म्हणून मी धोबीखान्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या बायकांशी बोलून ठेवलं होतं. आमच्या मुली प्रार्थनासभेला टोप्या घालून येतात, आणि गॅलरीतून तोंड दिसत नाही, टोपी तेवढी दिसते. नंबर कळले असते तर प्रत्येक रिकाम्या जागेवर रविवारची टोपी घालून एकेक बाई बसली असती. मुलांच्या जागांसाठी बॉयलरवाले तयार होते, फक्त टकलू हायरम नको असं मीच म्हटलं होतं. ऑर्डेलाला कारण सांगितलं नाही, कारण त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. ती सगळं तुला लिहिते.

मंगळवारी मला कुणी नंबर दिले नाहीत. बायका टोप्या घालून मागच्या दाराशी उभ्या होत्या, त्यांना कुठे बसवू तेच मला कळेना. शेजारच्या माणसाने रिकामे नंबर मोजले, मीही मोजले. बत्तीस. काल फलकावर काढून टाकलेल्यांची यादी लागली, तिच्यात एकतीस आहेत. दोनशे चौदा नंबर नाही.

लूशियसचं नाव ऑर्डेलाने मला सांगितलं होतं. मी ते कुणाजवळ काढलं नाही, देवाशपथ. मग तिने तुला लिहिलेल्या कागदावरून ते कुठे गेलं, ताई? आणि दोनशे चौदा कुणी खोडला?

उत्तर मला नको. तिला दे.
तुझी धाकटी,
क्लॉडीन


कोल्स फेरी
बुधवार, ३० मार्च

चि. ऑर्डेलास, आशीर्वाद.

क्लॉडीनने काहीही केलेलं नाही. मी केलं.

फेब्रुवारीअखेर शाळा सुटल्यावर हॅस्क्यू साहेब वर्गात आले. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली, नोकरी देणारे तेच आणि काढणारे तेच. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले आणि म्हणाले, कॉलेजात काहीतरी शिजतंय आणि तुमच्या मुलीचं नाव पहिलं आहे. ते मी गाळू शकतो, बाकीची सांगा. मी नोकरीसाठी केलं असं तुला वाटेल. नोकरी गेली असती तरी मी कुठेही भांडी घासली असती. मला तुझा पदवीचा झगा बघायचा होता. आपल्या घरात तो कुणी घातलेला नाही.

तुझी पत्रं मी त्यांच्या हातात दिली नाहीत, फक्त वाचून दाखवली. त्याने काय फरक पडला, ते आता मलाच सांगता येत नाही.

लूशियसचं नाव मी विचार करून दिलं. तो निर्दोष आहे, सुटेल, आणि साहेबांचंही समाधान होईल, असं वाटलं. संशय क्लॉडीनवर जाईल हेही कळत होतं. तरी दिलं. ती माझी बहीण आहे, सहन करील, असं मी धरून चालले.

यादीत तुझं नाव नाही. मे महिन्यात तू पदवीधर होशील. मला शिव्या दे, पण शेवटची परीक्षा चुकवू नकोस.

आई


बेथेल ग्रोव्ह
सोमवार, ४ एप्रिल

ती. आईस, नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग मावशीकडे नेलं. तिने वाचून घडी घातली, मला कॉफी दिली आणि उसवलेला स्वेटर मागितला. मी माफी मागू लागले तर म्हणाली, ते राहू दे, उद्या कोण कोण जाणार त्यांचे नंबर सांग. मी पंचेचाळीस नंबर सांगितले. तिने एकही लिहून घेतला नाही, सगळे पाठ केले.

आज सकाळी डीन मेबरींकडे गेले. दोन्ही वेळा मी काउंटरवर होते, दोनशे चौदा माझा आहे, लिहून घ्या म्हटलं. ते म्हणाले, पोरी, तुझं नाव वरून आलेलं नाही, वर्गात जा. मी तिथेच बसले. बसायची आता सवय झाली आहे. तासाभराने त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि फॉर्म पुढे केला. त्यांनाही हे सोपं जात नाही, एवढं मला दिसलं.

मला तुझा राग आला आहे, आई. खूप आला आहे, आणि तो लवकर जाणार नाही. झगा मलाही घालायचा होता. पण लूशियसच्या आईलाही तो बघायचा असेल, हे तुझ्या मनात कसं आलं नाही?

फॉर्मवर पालकाचं नाव विचारलं होतं. मावशी दारात उभी होती, तिचं चाललं असतं. मी तुझं लिहिलं. काढून टाकल्याचं पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. वरती माझं नाव असेल, खाली तुझं. तेही हॅस्क्यू साहेबांना वाचून दाखव.

तुझीच,
ऑर्डेला