बाबांच्या पेटीतली वही

थॉर्नफेन, ९ नोव्हेंबर १६६०

चि. बार्नबी यास, ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लंडनच्या आरमार कचेरीत तू कायम झालास, हे गावभर सांगून झालं. रेशमी कोट शिवलास म्हणे. लोकरीत वाढलेल्या अंगाला खाजत नाही ना रे? सोबत खारवलेली वाम पाठवली आहे.

आता वाईट बातमी. बाबा जाऊन वर्षं झाली, तरी ते जुन्या राजाच्या विरोधातले होते म्हणून मॅजिस्ट्रेटची माणसं त्यांची पेटी घेऊन गेली. आत आपल्या वह्या आहेत. दर रविवारी बाबा आपल्याला प्रवचन लघुलिपीत उतरवायला लावत आणि सोमवारी शब्द चुकला की जेवण बंद, त्याच. राजाचं डोकं उडवल्याची बातमी आली त्या रविवारी प्रवचनाखाली तू लिहिलं होतंस, ‘बरं झालं, आता पोराचंही उडवा.’ तोच पोरगा आज तुझा राजा आहे.

गावात ती लिपी येणारी मी एकटीच. एकवीस तारखेला बायबलवर हात ठेवून मलाच वाचायचं आहे. माझी झोप उडाली आहे.

तुझी,
उर्सुला

लंडन, १४ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

वाम मिळाली, घशाखाली उतरली नाही. ताई, तेवढं पान सोडून दुसरं प्रवचन वाच. कुणाला कळणार आहे? नाहीतर नोकरी जाईल, कदाचित मानही. आणि मी असा करंटा, की त्याच लिपीत अजून रोजनिशी लिहितो. हाताला खोडच लागली आहे.

साहेब रजा देत नाहीत, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मी मागितलीच नाही.

पाया पडतो. पोटात घाल.

तुझा,
बार्नबी

थॉर्नफेन, २८ नोव्हेंबर

चि. बार्नबी यास, आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पोचलं. येऊन सगळं कबूल करतो म्हणतोस. उशीर झाला, बाळा.

मी खरं वाचते की नाही हे पाहायला ती लिपी शिकलेला केंब्रिजचा एक विद्यार्थी शेजारी बसवला होता. तेव्हा पान सोडणं जमलंच नाही. वाचलं. मग मॅजिस्ट्रेटनी विचारलं, की हे अक्षर कुणाचं. बाबांनी दोघांना एकच वळण लावलेलं. मी म्हटलं, माझं. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही बायबलवर हात ठेवून.

बाईमाणूस म्हणून तुरुंग टळला. तीन रविवार चर्चमध्ये उभं राहून माफी मागायची आहे. माझी शाळा बंद केली; शेजारीण मुलांना माझ्या दारावरूनही जाऊ देत नाही. रडू येतं, खोटं कशाला सांगू?

पण आता तू कबूल केलंस, तर मी खोट्या शपथेची गुन्हेगार ठरेन, आणि मला भरचौकात खोड्यात अडकवतील. म्हणून येऊ नकोस. मोठा हो. माझ्यासाठी करण्यासारखं तुझ्या हातात एवढंच उरलं आहे.

माया तशीच राहू दे, पत्र मात्र पाठवू नकोस.

तुझी,
उर्सुला