दाताड्याचा डावा कान

सौ. मार्जोरीवहिनींना,

लाँग बीचहून धाकट्या दिराचा, म्हणजे डेलचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताची दोन बोटं सध्या एकमेकांनाच चिकटली आहेत, तेवढं समजून घ्या). तुमची गुडघेदुखी, रसेलदादाचा रक्तदाब आणि टूसॉनचं ऊन, तिन्ही आता उतरणीला लागली असतील अशी आशा आहे. इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

माझ्या दिवाणखान्यातली टिकीमंडळी तुम्हाला ठाऊकच आहेत: लाकडी देवांसारखी तोंडं असलेले चिनीमातीचे मग, ज्यांना तुम्ही ‘भिंतभर विचकलेले दात’ म्हणता. त्यांतला मानकरी म्हणजे दादाचा हिरवा दाताड्या. तुम्हाला लग्नाचं विचारलं त्या संध्याकाळी ‘कोरल कोव्ह’ बारमध्ये दादा ज्यातून रम प्यायला, तोच. टूसॉनला जाताना त्याने तो माझ्याकडे सांभाळायला दिला (मी वस्तू सांभाळतो असा समज जगात त्याचा एकट्याचाच). आणि येत्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला त्यातूनच, तुमच्यासमोर बसून, पहिला घोट घ्यायचा त्याचा हट्ट. आता कॅलिफोर्नियात शहाणा माणूस फळीवर नुसता मग ठेवत नाही. भूकंपात पडू नये म्हणून बुडाला चिकट पुट्टी लावून बसवतो. चिमूटभर पुरते. पण दादाचा मग, म्हणून मी लाडू वळावा एवढी लावली. मध्यंतरी जमीन जराशी हलली तेव्हा बाकीचे थरथरले, दाताड्या मात्र ढिम्म! मी कॉलर ताठ केली. परवा धूळ पुसायला त्याला उचलायला गेलो. अशा वेळी बुडाखालून दोरा फिरवून पुट्टी कापायची असते, हे मीच चार नवशिक्यांना शिकवलंय. तरी ओढला. दाताड्या हातात आला आणि बूड फळीवरच राहिलं.

आमच्या मगवेड्यांच्या मंडळात हेक्टर ओब्रेगॉन हा दुरुस्तीबहाद्दर. “अरे गाढवा, दोरा काय पतंगाला ठेवला होतास?” एवढं बोलून त्याने आणखी कुठे तडा गेलाय का ते बघायला जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली (त्या उजेडात जुना गोंद चमकतो). आणि वहिनी, दाताड्याचा डावा कान मुळापासून चमकला! म्हणजे कान कधीतरी तुटलेला, कुणीतरी जोडलेला आणि वर रंगवलेला. पण कुणी? दादाने? बल्ब बदलायलाही शेजाऱ्याला हाक मारणाऱ्या माणसाने? बारवाल्याने? मग तुटका मग दादा घरी कशाला आणेल? मी भिंगातून पाहिलं, खरवडलं, वास घेतला (“आता चाटूनही बघ,” हेक्टर म्हणाला. चाटलं. काही कळलं नाही). शेवटी त्यानेच शोध लावला, “हे नेलपॉलिश आहे रे.” हिरवं नेलपॉलिश आमच्या घराण्यात एकाच बाईच्या नखांवर पाहिल्याचं आठवतं, सगळे हिरवं मिरवतात त्या सेंट पॅट्रिकच्या दिवशी. मी नाव घेत नाही. पण काम काय सुरेख झालंय! कान पडला कसा? धुताना की भांडताना? आणि तेव्हा दादा कुठे होता? या प्रश्नांपायी मला जेवण जात नाही.

बूड आता जोडलंय. पण हेक्टरचा निकाल असा की मग शोभेला ठेवावा. त्यातून प्यायलं तर गोंद पोटात जाईल आणि रम मांडीवर. हे दादाला सांगायची माझी छाती नाही. मी त्याची बोट बुडवली त्या प्रकरणानंतर त्याने वर्षभर अबोला धरला होता. या वयात तेवढा अबोला परवडायचा नाही, वहिनी. मला खरंच भीती वाटते.

नातवंडांना गोड पापा.

तुमचा,
डेल

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं तेच राहिलं. समारंभात पहिल्या घोटाआधी मग सहज बघायला म्हणून हातात घ्या आणि कृपा करून पाडा. माझ्या हातून फुटला तर मी मेलो. तुमच्या हातून फुटला तर तो आधी तुम्हाला तुकडा लागला का ते बघेल.

आणखी एक ता. क. पाकीट वाफेवर धरून पुन्हा उघडलंय. आत्ताच दादाचा फोन आला होता. म्हणाला, “त्याच्या डाव्या कानाला जप रे. मार्जोरीने चिकटवलाय. रडत होती आणि फुंकर घालून वाळवत होती. मी दारातूनच मागे फिरलो आणि गाडीत जाऊन बसलो. तेव्हापासून उजव्याच बाजूने प्यायचो. तिला कळलं तर याद राख!” मी शपथ घेतली, तेव्हा वहिनी, तुम्ही हे वाचलेलं नाही. माझ्याच्याने मग राहवेना. बुडाचंही सांगून टाकलं. दादा म्हणाला, “मी रिकामाच तोंडाला लावीन, गिळल्यासारखं करीन. तिला काही बोलू नकोस. आणि जोडाची रेघ दिसत असेल तर ती हिरवी बाटली तिने अजून ठेवलीय, टाचण्यांच्या डब्यात. माझं नाव न घेता माग.”

तेव्हा मग पाडू नका. येताना टाचण्यांच्या डब्यातली बाटली तेवढी आणा, आणि ती तिथे आहे हे मला कसं कळलं ते विचारू नका.