शंभरपैकी चौऱ्याण्णव

प्रिय ठमे,

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचून दाखवलं. आमच्या दवाखान्यातले सगळे विभाग एकमेकांशी जुळवून काम करतात, म्हणून तुमच्या ऑफिसाने त्याला शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क दिले. मोजणाऱ्यांत तू होतीस, याचं बाबांना कोण कौतुक! माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चौथी नापास, तरी ऐक. हृदयाचा डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, किडनीची डॉक्टरीण मागच्या इमारतीत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. त्याने लघवी होण्याची गोळी लिहिली. तिने तीच गोळी दुसऱ्या नावाने लिहिली. नऊ दिवस बाबांनी दोन्ही घेतल्या आणि न्हाणीघरात कोसळले. तुला तेव्हा नुसती चक्कर आली म्हणून कळवलं होतं. पाकिटांमागची बारीक अक्षरं एकेक जुळवत मीच वाचली, तेव्हा घोळ कळला. वर जाब विचारायला गेले, तर हा म्हणतो, तिकडचं तिकडे विचारा. मी म्हटलं, "डॉक्टर, माणूस एकच आहे हो. हृदय तुम्हाला आणि किडनी त्यांना, अशी वाटणी करून आणलेला नाही."

तेव्हापासून फाइल काखेत घेऊन मीच वर, मीच खाली. तिने लिहिलेलं त्याच्या नाकासमोर धरायचं आणि वाचून सही केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. नर्सा मला टपालबाई म्हणतात. म्हणोत.

मग तुमची फॉर्मवाली पोरगी आली. एका डॉक्टरचे कागद दुसऱ्याकडे वेळेवर पोचले का? पोचले. त्याला आधीची औषधं माहीत होती का? होती, मीच तर सांगितली! मी खरं बोलले आणि मार्क दवाखान्याने खाल्ले. कागद कोणी पोचवले हेही लिही म्हटलं, तर म्हणे तेवढी जागा नाही, मावशी. अगं, ज्याच्यामागे धावणारं कोणी नाही, त्याने काय करायचं? ते मोजा की.

आज लिहायला बसले त्याचं कारण माझा गुडघा. सोमवारी ऑपरेशन आहे, पुढे दीड महिना जिने बंद. तेवढ्यात बाबांच्या चार तारखा आहेत, आणि तुमचे चौऱ्याण्णव मार्क काही त्यांची फाइल उचलणार नाहीत. रजा काढ. तू आपणहून येते आहेस, असं मी बाबांना सांगून टाकलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
न विचारता ठरवून मोकळी झालेली
आई