वासे कुणी धरले

रविवार, ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात मला संध्याकाळी आपल्या ऑनलाइन खेळात सुतारी बाकावर येता येणार नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर बोललेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही असं बाबा म्हणायचे आणि मला ते पटत आलं आहे.

घरात नुसती धांदल आहे. तुझ्या पुतणीची परीक्षा मंगळवारपासून. ती पुस्तक घेऊन घरभर फिरते आणि मध्येच थांबून माझ्याकडे असं बघते, जणू उत्तर माझ्या कपाळावर लिहिलं आहे. तुझ्या वहिनीच्या दवाखान्यात तपासणीवाले येणार, त्यामुळे ती सकाळी सातला जाते ती दिवेलागणीला येते. एका डॉक्टरांच्या स्वयंपाकघराचं काम शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे. काम कसलं, कारखान्यातून कापून आलेल्या फळ्या स्क्रूने आवळायच्या. बाबांच्या वेळचा रंधा भिंतीवर टांगला आहे, पाहुण्यांना दाखवायला.

म्हणून तर आपली होडी मला प्रिय आहे. खेळ तो खेळ, पण झाड स्वतः तोडायचं, फळी वाळवायची, लाकडाची रेषा बघून रंधायची आणि मोठा सांधा बसवायला समोर दुसरा माणूस लागतोच. एकाने धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. दिवसभर स्क्रू आवळून आलेल्या माणसाला तेवढंच औषध आहे. तळाची लांब फळी वाळत आहे, तिच्याकडे लक्ष ठेव.

आता मुख्य गोष्ट. आई मावशीकडे राहायला जाते आहे हे कळलं. तुझी बदली झाल्यावर ती इकडे येणार हे ठरल्यातच जमा होतं. मी तुझ्यापाशी बाकावर लिहून मन मोकळं केलं होतं, की ती आली तर मागची खोली जाईल, माझी सकाळची प्रार्थना, संध्याकाळचं बसणं, सगळं त्या खोलीत आहे. मला तिला तोंडावर नाही म्हणवत नाही, तूच काहीतरी कारण काढ. तू नुसतं बरं म्हणालास आणि फळी धरून उभा राहिलास. एवढ्या लवकर जमवशील असं वाटलं नव्हतं. तिला काय सांगून पटवलंस ते कळव, म्हणजे माझ्या तोंडून वेगळं काही जायला नको.

आणि एक. तू अलीकडे फार सुधारला आहेस. वेळेवर येतोस, हत्यारं जागच्या जागी ठेवतोस, आल्या आल्या जेवलास का म्हणून विचारतोस. लहानपणी माझ्या ताटातली पोळी पळवणारा तो तूच का, अशी शंका येते.

लोभ आहेच, तो बदलीच्या सामानात बांधून विसरू नकोस.

तुझा,
दादा

 

गुरुवार, ८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथेही सामानाच्या खोक्यांतून वाट काढत चालावं लागतं. हिने प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावली आहे, तरी चहाची गाळणी दोन दिवस सापडत नाही. नव्या ऑफिसात महिनाअखेरीस हजर व्हायचं आहे.

आईचं म्हणशील तर ती काल मावशीकडे गेली. मी सोडायला गेलो होतो. मावशीने तिला खिडकीजवळची खाट दिली आहे. मला श्रेय देऊ नकोस. मी काहीही पटवलं नाही. तिनेच एके दिवशी सकाळी सांगितलं, की दोघी बहिणी एकत्र राहू म्हणतो. मी दोनदा विचारलं, दादाकडे का नाही. ती म्हणाली, त्याच्याकडे जागा कमी आहे. खोलीचं तू लिहिलंस त्याबद्दल समक्ष भेटू तेव्हा बोलू.

बाकी, होडीचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तुला एक सुचवतो. माझे ऑफिसातले मित्र एक नवा खेळ खेळतात. त्यातलं क्राफ्टिंग बघशील तर जुन्याला हात लावणार नाहीस. लाकूड, खिळे, दोर पिशवीत असले की झालं, चौकटीत टाकायचे, बटण दाबायचं, होडी तयार. एकदम दहा हव्या तर दहा. नको झाली तर मोडायची, सगळं लाकूड परत. काही वाया जात नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. आपल्या खेळात काय, एक घाव चुकला की लाकूड गेलं. वाळत घातलेली फळी पावसात भिजली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा राबायचं, हा कुठला खेळ?

तू ये इकडे. मी तुला सगळं शिकवतो.

वहिनींना नमस्कार, परीक्षार्थीला शुभेच्छा. राग आला तरी लोभ राहू दे.

तुझा,
धाकटा

 

सोमवार, १२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बाजूला ठेवलं, मग कामावर गेलो. डॉक्टरांकडे शुक्रवारी राहून गेलेलं वरचं कपाट लावताना हात थांबला. घरी येऊन पत्र पुन्हा काढलं.

तू लिहितोस, वाळत घातलेली फळी पावसात भिजते. अरे, ते कधीच बंद झालं. आता बाकावर छप्पर घालता येतं. आपल्या बाकावर ते आपण घातलं. आठवडाभर खपलो. वासे वाकडे बसत होते, तेव्हा तू म्हणालास, की घाई कशाला, उद्या पुन्हा करू, लाकूड कुठे पळून जात नाही. मला ते इतकं आवडलं, की मी ते तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तुला हे आठवत नाही असं होणार नाही. तुला ते माहीतच नाही.

तर मग वासे कुणी धरले?

रोज माझ्यासमोर तुझ्या नावाने कोण उभं होतं? मी ज्याला बाकावर बसून सगळं सांगितलं तो कोण? प्रार्थनेला उभं राहिल्यावर हल्ली शब्द येत नाहीत, नुसतं उभं राहावं लागतं, हे मी कुणाला सांगितलं? बाबांचा धंदा मी राखला असं लोक म्हणतात आणि मी तर फक्त त्यांचा रंधा भिंतीला टांगला, हे कुणाला सांगितलं? ऑफिसातल्या कुणा मित्राला माझ्यासमोर बसवलंस का? तो हे तुमच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवत होता का?

तुला खेळाचा कंटाळा आला, हे मी समजू शकतो. कंटाळा आला म्हणाला असतास तर एकट्याने लहान होडी केली असती. एकट्याला छोटं होडकं करता येतं. पण तू उठून गेलास आणि खुर्चीत दुसरं माणूस बसवून ठेवलंस. आणि मी त्या माणसाला भाऊ समजून बोलत राहिलो. इतकं सहज आयुष्यात कुणी मला फसवलं नव्हतं. त्यात पुन्हा तू मला नव्या खेळात बोलावतोस, जिथे मोडलं की सगळं परत मिळतं.

कोण होतं, तेवढं कळव. दुसरं काही लिहू नकोस.

दादा

 

गुरुवार, १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई होती.

दुसरं काही लिहू नको म्हणालास, तरी लिहितो. मागच्या वर्षी तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढल्यावर बोटं हलवत राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. चेंडू दाबून ती कंटाळली, म्हणून मी टॅबलेटवर माझ्याच नावाने आपला खेळ लावून दिला. सुरुवातीला नुसती झाडं तोडायची. मग एकदा मला ऑफिसातून यायला उशीर झाला आणि तू बाकावर आला होतास. तिने फळी धरली. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, की आज पण मीच धरते. तोवर मी नव्या खेळात गेलो होतो. मला सुटल्यासारखं झालं, हे खरं आहे. तुला सांगायची लाज वाटत होती आणि तीही सांगू नको म्हणाली.

मला वाटायचं तुम्ही फळ्यांचंच बोलता. मी कधी वाचलं नाही, आईची शपथ. ती रोज वेळेआधी चष्मा पुसून बसायची आणि त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही. आम्ही हिच्यासकट सगळे हसायचो. हिने तर नाव ठेवलं होतं, आईंची ड्यूटी.

तुझं पहिलं पत्र आलं, त्यात मागच्या खोलीचं वाचलं आणि कळलं, की ते तू आईलाच सांगितलं होतंस. आईपासून जे लपवायचं तेच ती ऐकून बसली होती. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी बटण दाबल्यावर होडी कशी होते ते लिहीत बसलो. छपराची चूक झाली नसती तर आजही लिहिलं नसतं बहुतेक.

तिने मला त्यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मावशीकडे जाताना टॅबलेट तेवढा मागून घेतला.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा

 

सोमवार, १९ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकट्याचा फोन आला होता. तो रडला. मी त्याला म्हटलं, सामान बांध, रडायला नव्या घरी वेळ मिळेल.

मावशीकडे बरं आहे. ती पहाटे उठून रेडिओ लावते आणि मी बंद करते. दुपारी दोघी भांडतो. खिडकीतून समोरच्या गॅरेजमधला मुलगा दिसतो, तो सायकली उलट्या करून चाकं फिरवतो. मनगट दुखत नाही.

तुला वाईट वाटलं असेल, मी लपून ऐकलं म्हणून. मीच धाकट्याला गप्प राहायला सांगितलं, त्याला बोल लावू नकोस. तू फोन करतोस तेव्हा मी काय ऐकते? औषध घेतलं का. बरं आई. ठेवतो आई. तुझे बाबा गेल्यापासून तू माझ्याशी याहून जास्त बोलला नाहीस. बाकावर पहिल्या दिवशी तू आलास आणि सांगायला लागलास, की आज एका गिऱ्हाइकाने दार उलटं लावून घेतलं आणि तेच बरोबर म्हणून भांडला. मी हसले. मग वाटलं, आई आहे म्हणून सांगितलं तर हा लगेच बरं आई म्हणेल आणि बोलणं संपेल. म्हणून धाकटा होऊन बसले. माझा मुलगा कसा बोलतो ते मला या वयात कळलं. चांगलं बोलतोस.

आणि कामही होतं. तुझ्या बाबांनी मला कधी रंध्याला हात लावू दिला नाही. पॉलिशचा बोळा तेवढा माझ्याकडे. ढलप्या झाडता झाडता कुठली फळी चांगली निघाली ते मला कळायचं, पण विचारलं कुणी नाही. बाकावर तू मला विचारायचास, ही घेऊ का ती घेऊ. मी सांगितलेली तू घ्यायचास.

मग ते खोलीचं लिहिलंस. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, हातात फळी होती, सोडली असती तर तुझा सांधा बिघडला असता. धाकट्याला तू माझ्याबद्दल खोटं कारण काढायला सांगितलंस, म्हणून मी त्याला त्या त्रासातून सोडवलं आणि इथे आले. खोली तुझी आहे. तू तिथे उभा राहून देवाचं नाव घेतोस, ते कमी करायला मी येणार नव्हते. तू समोर येऊन सांगितलं असतंस, तरी मी इथेच आले असते. फरक एवढाच, की मग मी स्वतःहून आले असते.

धाकट्याच्या नावाने आता मी येणार नाही. होडीवर तुमच्या दोघांची नावं कोरली जातील, ती तुमची. मी माझ्या नावाने पहिल्यापासून सुरुवात केली आहे. पॉलिशवाली असं नाव ठेवलं. हातात दगडाची कुऱ्हाड आहे आणि नदीच्या पलीकडे झाडं तोडते. बाक मिळायला वेळ लागेल. घाई नाही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. नातीचे पेपर कसे गेले ते कळव.

आई

 

बुधवार, २१ मार्च

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पेपर बरे गेले. गणिताचा अवघड होता म्हणते.

तुझं पत्र आल्यापासून मी उत्तर मनात लिहितो आहे. रंधा भिंतीवरून काढला आणि पुन्हा टांगला. सकाळी मागच्या खोलीत उभा राहिलो. शब्द आले नाहीत, ते हल्ली येतच नाहीत हे तुला माहीत आहे. खोली मात्र पहिल्यांदाच मोठी वाटली. मी धाकट्याला पत्रात लिहिलं होतं, की मला इतकं सहज कुणी फसवलं नव्हतं. ते पत्र त्याच्याकडून परत मागवून घ्यावं असं वाटतं. ते लिहिताना मी कुणावर रागावलो होतो आणि कुणी रागवायला हवं होतं, हे उलटं झालं होतं.

माफी मागणार नाही. ती मागितली तर तू बरं म्हणशील आणि ते बरं मला आता ओळखता येतं.

काल संध्याकाळी बाकावर गेलो. तळाची फळी वाळली आहे. सांध्यापाशी नेऊन धरली आणि उभा राहिलो. नदीपलीकडे पॉलिशवाली दिसत होती. झाड पाडत होती, घाव चुकत होते, पुन्हा मारत होती. एकदा नदीपर्यंत आली, पाणी घेतलं आणि परत गेली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार, तिथे तर आपली ओळख झालेली नाही. आज ती फळी ठेवून देणार आहे आणि कुऱ्हाड घेऊन त्या बाजूला जाणार आहे. तू हाकललंस तर दुसरं झाड बघीन.

तुझ्या पत्रात सगळं आहे, मावशीचा रेडिओ, सायकलवाला मुलगा. मी तीनदा शोधलं, एकच गोष्ट त्यात नव्हती. रोज बाकावर आल्या आल्या विचारायचीस ती.

जेवलो, आई.

तुझा,
थोरला