शेपटीला उरेब कापड

१२ जानेवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मायन्यातच तीन कागद फुकट गेले. आठ महिन्यांपूर्वी कोर्टाचा कागद हातात आला, पण त्यानंतर तुम्हाला काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही. नऊ वर्षं आई म्हणत आले, आता दुसरं काही लिहायला हात वळेना. चालत नसेल तर मोकळेपणाने कळवावं, मी राग मानणार नाही.

फोन करणार होते. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायला सुचत नाही, म्हणून पत्र.

काम असं आहे. मार्चच्या आठ तारखेला आमच्या क्लबची रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांची स्पर्धा आहे. तुम्ही ज्याला गच्चीच्या खोलीतला पसारा म्हणायचात, त्यातलंच ते पिवळं विमान मी उतरवणार आहे. विमानाच्या पंखांना आणि शेपटीला मागच्या कडेला एकेक हलणारी फळी असते. ती वर-खाली झाली की विमान चढतं, उतरतं, वळतं. दाराला बिजागरी लागते तशी या फळ्यांनाही लागते. माझ्या बिजागऱ्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या होत्या. गेल्या महिन्यात त्यातली एक हवेतच निसटली आणि विमान कसंबसं खाली आणलं.

क्लबात एक सुतारकाका आहेत. ते म्हणाले की त्यांच्या वेळी सगळे कापडाच्या बिजागऱ्या लावायचे. बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या. एक पट्टी वरून येऊन फटीतून खाली जाते, तिच्या शेजारची खालून वर येते, असं आळीपाळीने चिकटवत जायचं. फट मिटते आणि फळी अलगद हलते. कापड कोणतं, ते मात्र काकांना आठवेना. बायकोच्या कपाटात हाताला लागेल ते घ्यायचो, म्हणाले.

कापड म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? पातळ हवं, पण दाट विणीचं, कडेने न उसवणारं आणि डिंक पिणारं. शिवणातून सवड झाली तर दोन ओळी टाकाव्यात.

तब्येत जपावी, ही विनंती.

आपली नम्र

---

१९ जानेवारी

चि. पोरीस,
अ. उ. आ.

पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात बसले होते. चाळीस शर्टांच्या कॉलरी लावायच्या होत्या. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि त्या चाळीसच्या चाळीस संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या. अगं, आठ महिने! मला वाटलं, तू मला टाकलंस. मी लिहिलं असतं, पण कोणत्या तोंडाने? मुलगा माझा ना.

आई म्हणू का, हे मला काय विचारतेस? मी तुला काय म्हणायचं ते मला तरी कुठे कळतंय? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा जिन्यात विचारलं, सून काय म्हणते? मी पिशवीतलं काहीतरी शोधल्याचं सोंग केलं ते त्या निघून जाईपर्यंत शोधतच राहिले. तेव्हा सध्या मी तुला पोरी म्हणणार. तुला लागत असेल तर लागू दे.

आता कापड. मलमल नको, विरविरीत असते, वारा आरपार जाईल. टेरिकॉट डिंक पीत नाही. सॅटिन निसरडं, आणि मांजरपाट इतका जाड की तुझं विमान त्या ओझ्यानेच खाली बसेल. सुती केंब्रिक घे. सोबत दोन वीत तुकडा पाठवते आहे. दोनदा भिजवून, वाळवून, इस्त्री फिरवून ठेवलाय, म्हणजे आटायचं तेवढं आटून झालं.

आणि नीट ऐक. पट्ट्या उरेब काप. कडेला समांतर नाही, कोपऱ्यातून तिरप्या. कापडाला जिथे वळायचं असतं, गळ्याला, बाहीच्या गोलाला, तिथे उरेबच हवं. सरळ कापलंस तर चुण्या पडतील. पंचेचाळीस वर्षं मी हे करते आहे, मला कुणी शिकवायला जायचं नाही.

घडी पडते त्या रेघेवर मेणबत्ती घासून घे, म्हणजे डिंक घडीत शिरून कडक होणार नाही. आणि डिंकाची बोटं कपड्यांना पुसू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

जेवतेस ना वेळेवर? एकटीसाठी कोण चूल पेटवणार म्हणून बिस्किटांवर दिवस काढत असशील. विमान उडालं की लगेच कळव. मी वाट बघते आहे.

तुझी वाट बघणारी,
आई (म्हण किंवा नको म्हणू)

---

६ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कापड मिळालं. आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे उरेब पट्ट्या कापून, मेण लावून, सगळ्या फळ्या बसवल्या. काम फार सुबक झालं. रविवारी मैदानावर नेऊन बघितलं. विमान छान उडालं.

आपल्याला उगाच तसदी दिली, त्याबद्दल क्षमा असावी. इकडे सर्व ठीक. वर्कशॉपमध्ये कानाच्या मशिनी दुरुस्तीला खूप आल्या आहेत, त्यामुळे पत्र थोडक्यात लिहिते आहे.

पुन्हा एकदा आभार. प्रकृतीस जपावे.

आपली नम्र

---

१३ फेब्रुवारी

चि. पोरीस,
अ. उ. आ.

विमान छान उडालं म्हणे. कुणाला सांगतेस?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा आभार आहेत आणि एकदा क्षमा. नऊ वर्षं एका घरात राहिलीस, मी तुझ्या तोंडून एकदाही आभार हा शब्द ऐकला नाही. तू विमानाच्या सांगाड्यावरचं पिवळं कातडं ताणायला माझी इस्त्री घेतलीस आणि तिच्या बुडाला पिवळा थर चिकटवून ठेवलास, तेव्हासुद्धा क्षमा मागितली नाहीस. उलट म्हणालीस की इस्त्रीच जुनी झाली होती. आणि विमान उडालं म्हणायचं, तर एवढंच? किती वेळ उडालं, किती गिरक्या घेतल्या, सुतारकाका काय म्हणाले, काही नाही? पूर्वी जेवताना हात विमानासारखा फिरवून पाणी सांडायचीस!

म्हणून मी स्वतःच करून बघितलं. मोडक्या फूटपट्टीचे दोन तुकडे घेतले आणि तू लिहिलंस तशा उरेब पट्ट्या वर-खाली चिकटवल्या. चुणी नाही की सुरकुती नाही, बघत राहावं असं काम. एक तुकडा खिडकीच्या आकड्याला बांधला आणि दुसऱ्याला माझी मोठी कात्री लटकवली. दुसऱ्या दिवशी मधे नखभर फट. पट्ट्या लांबल्या होत्या आणि खालचा तुकडा डुगडुगत होता. मग दुसरा जोड केला, कापडाच्या उभ्या धाग्यात कापून. आज तीन दिवस झाले, कात्री लटकते आहे आणि जोड जसाच्या तसा आहे. चुणी? एकही नाही. एवढ्याशा घडीला कसली चुणी पडते?

माझं चुकलं, पोरी. कॉलरीला वळायचं असतं, पण तिला दिवसभर कुणी ओढत बसत नाही. तुझ्या शेपटीला वारा ओढतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंचेचाळीस वर्षांचा तोरा मिरवला आणि तोंडावर आपटले.

पण खरं सांगू? त्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तू लपवलंस त्याचं. तू पूर्वीची असतीस तर ते मोडकं विमान काखेत मारून जिना चढून आली असतीस आणि माझ्या मशीनवर आदळून म्हणाली असतीस, बघा तुमचा उरेब. आता परक्या बाईशी वागावं तसं गोड बोललीस. चिरंजीव लांब नोकरीला गेले, महिन्यातून एकदा फोन करतात, तब्येत विचारतात आणि ठेवून देतात. तेवढं मी सोसते. तूही तसंच वागायला लागलीस तर मला राहिलं कोण? तुमचं दोघांचं पटलं नाही, त्यात मी पडले नाही, पडणारही नाही. पण माझं तर तुझ्याशी पटत होतं ना गं?

उभ्या धाग्याच्या चौदा पट्ट्या कापून सोबत ठेवल्या आहेत. धाग्याच्या दिशेला पेन्सिलीची बारीक रेघ मारली आहे. वापरायच्या तर वापर.

आणि यापुढे मला आभार लिहायचे असतील तर पत्र पाठवू नकोस.

तुझी,
आई

---

१९ फेब्रुवारी

ती. आई,
सा. न. वि. वि. वगैरे.

ठीक आहे. ऐकायचंच आहे तर ऐका.

छान उडालं नाही. दीड मिनिट उडालं. पहिली गिरकी चांगली झाली, दुसरीत वेग वाढवला आणि शेपटी फडफडायला लागली. इतक्या लांबून आवाज ऐकू येत होता. फळी पट्ट्यांवर ताणून मागे सरकली होती. मी वर म्हणतेय तर विमान खाली. मैदानाच्या कडेला बाभळीच्या झुडपांत गेलं. नाक फुटलं, एक चाक अजून सापडलेलं नाही. सुतारकाकांनी शेपटी उचलली, पट्टी बोटाने ओढून बघितली आणि विचारलं की हे तिरपं कापायचं डोकं कुणाचं? मी म्हटलं, माझंच.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? मला कळलं होतं. पहिली पट्टी लावतानाच ती हातात ताणली गेली. मी तासभर तिच्याकडे बघत बसले. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण आठ महिन्यांनी पहिलं पत्र लिहायचं आणि दुसऱ्यातच चूक काढायची, म्हणजे तुम्ही म्हणाल, बघा, गेली ती गेली आणि आता वर तोंड करून बोलते. म्हणून गप्प बसले आणि विमान मोडलं. तुमच्या उरेबाने जेवढं मोडलं त्याहून जास्त माझ्या शहाणपणाने मोडलं. पण तुम्ही तरी एवढ्या ठासून कशाला लिहिलंत? मला कुणी शिकवायला जायचं नाही! नऊ वर्षं ऐकलं मी हे. भाजीत मीठ किती, खिडकी कोणती उघडी ठेवायची, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा. आणि इस्त्री जुनीच होती. आजही म्हणेन.

कानाचंही आजच बोलून घेते. घरात कानाच्या मशिनी दुरुस्त करणारी बाई असताना तुम्ही मशीन लावलं नाहीत. लावलं असतं तर मी फोन केला असता, ती पट्टी कशी ताणते ते सांगितलं असतं, तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या, मी पाच घातल्या असत्या आणि विमान वाचलं असतं. एक मशीन तुमच्या मापाचं ठरवून बाजूला ठेवलंय. लावायचं. नाही म्हणायचं नाही.

हे सगळं लिहिताना मी रडते आहे. अक्षर बिघडलंय ते त्यामुळे. तुमची फार आठवण येते. खोली घेतली तेव्हा वाटलं होतं, आता हवा तसा पसारा करू, कुणी बोलणार नाही. खरंच कुणी बोलत नाही हो.

तुमच्या चौदा पट्ट्या काल लावल्या. नाक नव्या लाकडाचं बसवलं. शेपटीला पाण्याची भरलेली बाटली रात्रभर टांगून ठेवली, केसभरसुद्धा हलली नाही. पेन्सिलीच्या रेघा मी पुसलेल्या नाहीत. पिवळ्या रंगावर दिसतात, दिसू देत.

आता एक काम. विमान सोडताना ते हातात धरून उभा राहणारा एक माणूस प्रत्येक स्पर्धकाला लागतो. मोटर पूर्ण वेगात आली की मी हात वर करते आणि त्याने सोडायचं. फक्त घट्ट धरायचं आणि वेळेवर सोडायचं. त्या मदतनिसाचा फॉर्म आज भरला. तुम्हाला न विचारता तुमचं नाव घातलं, त्यावर काय बोलायचं ते इथे येऊन बोला. आठ तारखेला मैदानावर सात वाजता पोहोचायचंय, म्हणून आदल्या दिवशी दुपारच्या बसने निघा. मी स्टँडवर असेन.

फॉर्ममध्ये मदतनिसाशी नातं काय, असा एक रकाना होता. मी तिथे सासू लिहिलं. क्लबचे सेक्रेटरी सभ्य माणूस आहेत. त्यांनी चष्मा वर केला आणि हळूच विचारलं की तुमचा तर घटस्फोट झालाय ना. मी म्हटलं, झालाय की, पण तो नवऱ्याशी.

तुमची, भांडायला मोकळी,
सून