टाकीत उरलेलं

१५ जानेवारी २०१२
मयूचं लग्न ठरलं. मे महिन्यात. हे जाऊन वर्ष व्हायच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं नणंदेचं म्हणणं. रडायचं की लाडू वळायचे, कळत नाही.
भांडी लावताना मयू म्हणाली, "आई, पाठवणी पप्पांच्याच गाडीतनं. ते बोललेले."
बोललेले, खरंय. जमीन सरकारात गेली, पैसे आले तेव्हा हौसेने घेतलेली जर्मन गाडी. बेलपाड्यातल्या किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या! भाडं नाही, आहेर नाही. अटी दोनच. चालवणार हे स्वतः. आणि लग्नघराने टाकी भरायची ती ९७ ऑक्टेननेच, साधं पेट्रोल चालणार नाही. लोक मागे हसायचे.
आता मयूला कोण नेणार? 

२२ जानेवारी
गाडीवरचं कव्हर काढलं. गणपतीच्या आधीपासून उभी आहे. बॅटरी उतरलेली, चावी फिरवली तर नुसतं टक.
पेट्रोलचं झाकण उघडून उगाच पाहिलं. आत चिकटवलंय, किमान ९५. इथे साधं मिळतं ९१, म्हणून हे ९७ साठी कळंबोलीपर्यंत जायचे. एकदा मी वैतागले, पेट्रोल ते पेट्रोल, म्हटलं. तर म्हणाले, "आकडा मोठा म्हंजे जोरात जलतं असं नाय गं. दम धरतं. साधं दम धरत नाय, टायमाच्या आधीच पेटतं. मंग इंजिन आतनं मार खातं." आणि वर, "तू एक्क्याण्णवची हायस!"
मी दोन दिवस यांच्याशी बोलले नव्हते. आता कोण चिडवतंय.

५ फेब्रु.
सलीमभाई, यांचे नेहमीचे मेकॅनिक, बॅटरी बसवून गेले. गाडी सुरू झाली. मयू टाळ्या वाजवायला लागली आणि मधेच थांबली.
जोर दिला की खटखट. डब्यात खडे हलवावे तशी. सलीमभाई म्हणाले, "भाभी, पेट्रोल शिळं झालंय. टाकी रिकामी करू, ९७ टाकू. ऐसा चलाओगे तो इंजन जाएगा."
मी म्हटलं, नको. 
त्यांना काय सांगू? ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी, अंगात ताप असताना, हे स्वतः जाऊन टाकी फुल करून आले होते. "घरी येताना लागंल." नंतर गाडी हॉस्पिटलला गेली आणि यांना घेऊन परत आली. तेवढीच. काटा पाऊणच्या वर आहे. यांच्या हातचं शेवटचं काही असेल तर ते हे. कपडे वाटले, घड्याळ भावोजींना दिलं. हे नाही देणार.

११ मार्च
गाडी घेऊन खारघरच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. इथेच यांनी मला शिकवलं. हलक्या पायाने चालवली तर ठीक, पुलाच्या चढावर धापा टाकते. मागच्या ट्रकवाल्याचे हॉर्न. घामाघूम होऊन परत.
मयू ओट्यावर बसलेली. "आई, भाड्याची गाडी बघूया. चालेल मला." हसून म्हणाली. माझ्यासाठी हसली, तेच लागलं.
पेट्रोल ठेवलं तर गाडी धावायची नाही, मयूला दिलेला यांचा शब्द मोडतो. काढलं तर...

१५ एप्रिल
भावोजी आले पत्रिका घेऊन. धाकटे दीर, डंपरचा धंदा, आवाज गावभर. कन्यादान तेच आणि जाऊबाई करणार. मी विधवा, मी मागे. नणंदेने सांगून टाकलंय. यांना पटलं नसतं.
गाडीचा विषय निघाला. मी म्हटलं, टाकीतलं काढणार नाही, यांनी भरलेलं आहे. भावोजी एकदम खाली बघायला लागले. 
"वैनी, तां दादानी भरलेलं नाय."
मग सगळं सांगितलं. हे आयसीयूत असताना, मला औषधं आणायला जातो सांगून, यांचीच गाडी घेऊन भावोजी चार दिवस रोज एकवीरा आईच्या डोंगरावर गेले होते. दादाला वाचव म्हणून. पायऱ्या अनवाणी चढले. चौथ्या दिवशी येताना टाकी खाली, पंपावर ९७ नव्हतं. "मना धीर नाय. साधं भरलं, फुल."
मी विचारलं, आजवर का नाही बोललात?
"काय बोलू? देवीनी आयकलं नाय."
डंपरवाला माणूस, माझ्या स्वयंपाकघरात लहान पोरासारखा रडला. मला राग यायला हवा होता. येईना.

१६ एप्रिल
काल सगळं लिहवलं नाही.
डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर यांना आणलं तो दिवस. भावोजी चालवत होते, हे पुढे, मी मागे. कळंबोलीच्या पुलावर हे म्हणाले, "हळू चालव." मला वाटलं, धक्के सोसत नाहीत. भावोजी म्हणाले, तसं नव्हतं. यांनी खटखट ऐकली. मी दारात उतरून चटई घालायला पळाले तेव्हा यांनी भावोजींना विचारलं, "साधं भरलंस ना? कवा गेलतास, आईकडं?" आणि हसले. "वैनीला नको सांगू. तिला वाटू दे, टाकीतलं माझं हाय."
म्हणजे यांना माहीत होतं, मी काय करीन ते. आठ महिने मी त्या टाकीला जपतेय आणि हे आधीच ओळखून गेले.
खूप रडले. बऱ्याच दिवसांनी.

२९ एप्रिल
सलीमभाईंनी टाकी उपसली. पेट्रोल पिवळट, वास आंबूस. भावोजी कॅन घेऊन उभे होते. "टाकू कुठं?" म्हणाले. त्यांनाच नेऊ दिलं. नवस त्यांचा.
कळंबोलीच्या पंपाने ९७ ठेवणं बंद केलंय. कोणी घेत नाही म्हणे. पुढे हायवेवर एका पंपावर मिळालं. पोरगा म्हणाला, "मॅडम, साधा चलता है, सब वही डालते हैं." मी म्हटलं, हिला नाही चालत. आवाज चढला नाही माझा. एक्क्याण्णवची आहे म्हणे मी.
परत येताना पुलाच्या चढावर पाय दाबला. खटखट काहीच नाही. एवढी गप्प, की चालू आहे ना म्हणून काटा बघितला. यांना दाखवावंसं वाटलं. बाजूची सीट रिकामी.

४ मे
परवा लग्न. मांडव पडलाय, हळदीची गाणी चाललीयत. गाडीला फुलं कोणती, यावर पोरांची भांडणं.
भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, गाडी वैनी चालवणार. नणंद उठून आत गेली. विधवा बाई नवरीच्या पुढ्यात बसून तिला सासरी नेणार, असं कधी झालंय? मयूच्या सासूचा फोन आला होता, गाडी कोण चालवणार ते विचारायला. उद्या सांगते म्हटलं.
रात्री मयू आली. गाडीची चावी माझ्या उशाशी ठेवून गेली.